एका सहलीचं नियोजन : एप्कॉटचा खाद्यमहोत्सव आणि आमची आई



'सहलीचे नियोजन करा' हा उपक्रम आपण सगळेच वर्गात घेतो. मुलं लिहितातही छान. पाण्याची बाटली घ्यावी, रांगेत चालावे, कचरा कचराकुंडीत टाकावा. आणि बहुतेक वह्या तिथेच संपतात. मुलांना येत नाही म्हणून नव्हे, तर सहल खरी नसते म्हणून. पैसे खरे नसतात, तारीख खरी नसते, आणि मुख्य म्हणजे कुणाचे गुडघे दुखत नसतात.

म्हणून आज एका खऱ्या सहलीच्या नियोजनाबद्दल लिहिते. गंमत म्हणजे या सहलीला मी गेलेलीच नाही. माझा धाकटा भाऊ अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात राहतो. २०२४च्या ऑगस्टमध्ये आई त्याच्याकडे गेली. त्याच्या मुलीने, माझ्या नऊ वर्षांच्या भाचीने, आजीला 'एप्कॉट'चा खाद्यमहोत्सव दाखवायचं ठरवलं. मी दिंडोरी तालुक्यातल्या माझ्या घरून फोनवर हजर. तिकडे रात्रीचे आठ, इकडे पहाटेचे साडेपाच. दिवाळीच्या सुट्टीत भाऊ बोलवत होता, पण विधानसभेची निवडणूक लागली होती. निवडणुकीची ड्यूटी म्हणजे काय ते शिक्षकांना सांगायला नको!

आता एप्कॉट म्हणजे काय ते थोडक्यात. ओरलँडो शहराजवळ डिस्नेची चार मोठी उद्यानं आहेत, त्यांपैकी हे एक. वॉल्ट डिस्नेच्या मनात मुळात उद्यान नव्हतंच. त्याला भविष्यातलं एक खरंखुरं शहर वसवायचं होतं, माणसं राहतील असं. १९६६ साली तो गेला आणि शहराचं स्वप्न मागे पडलं. १ ऑक्टोबर १९८२ला त्याच नावाने उघडलं ते उद्यान. त्याचे ढोबळमानाने दोन भाग. पुढे विज्ञान-तंत्रज्ञानाचा भाग, तिथेच तो प्रसिद्ध मोठा चंदेरी गोल. मागे एक तलाव आणि तलावाभोवती अकरा देशांची दालनं : मेक्सिको, नॉर्वे, चीन, जर्मनी, इटली, अमेरिका, जपान, मोरोक्को, फ्रान्स, ब्रिटन आणि कॅनडा. गेली अनेक वर्षं इथे 'फूड अँड वाइन फेस्टिव्हल' भरतो. देशोदेशीच्या पदार्थांचे छोटे छोटे स्टॉल तलावाभोवती आणि पुढच्या भागातही लागतात. प्रत्येक ठिकाणी दोन-चार घासांची एक बशी मिळते. उद्यानाच्या तिकिटात महोत्सवात फिरणं आलं, खाणं नाही आलं. ते वेगळं विकत घ्यायचं. त्या वर्षी तो २९ ऑगस्ट ते २३ नोव्हेंबर असा होता.

आणि आमची आई? चौथी पास. उभं आयुष्य द्राक्षबागेत गेलं. गळ्यात तुळशीची माळ, म्हणजे मांस-मच्छी-अंडं बंद, दारूचा तर प्रश्नच नाही. निवृत्तीनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला दोनदा पायी जाऊन आलेली. पण आता गुडघे बोलतात. अशा बाईला परदेशातल्या खाण्यापिण्याच्या जत्रेत न्यायचं! भाऊ म्हणालाही, "ताई, अगं ती तिथे खाणार काय?" पण भाचीने ऐकलं नाही. त्याला कारण होतं.

भाचीला मराठी बोललेलं कळतं, उत्तर मात्र ती इंग्रजीत देते. देवनागरी वाचता येत नव्हती. आईला इंग्रजी येत नाही. ऑगस्टपासून दोघी एका घरात होत्या, पण बोलणं 'जेवलीस का' आणि 'झोप आता' याच्या पुढे जात नव्हतं. भावजय मला एकदा म्हणाली, "आत्याबाई, दोघी एकमेकींकडे बघून हसतात आणि आपापल्या खोलीत जातात." आई २२ नोव्हेंबरच्या विमानाने परत येणार होती. पुन्हा एवढा प्रवास तिला झेपेल असं कुणालाच वाटत नव्हतं. म्हणजे जे काय व्हायचं ते या तीन महिन्यांत.

मी भाचीला एकच सांगितलं. सगळी योजना एका वहीत लिहायची, आणि ती वही आजीला वाचता आली पाहिजे. कारण सहल आजीची आहे.

तारीख ठरवणं हा पहिला धडा, आणि तोच सगळ्यात लांबला. पहिला बेत होता १२ ऑक्टोबरचा, दसऱ्याचा. पण ९ ऑक्टोबरला 'मिल्टन' चक्रीवादळ फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर आदळलं, १० तारखेला डिस्नेची उद्यानंसुद्धा बंद होती. तिकडे १ जून ते ३० नोव्हेंबर हा वादळांचाच हंगाम धरतात, म्हणजे हा महोत्सव पूर्ण त्यातच येतो. आपल्याकडे सहलीचा अर्ज लिहिताना मुलं 'पावसाळा सोडून' असं सहज लिहितात. तिथे भाचीने वहीत एक रकानाच केला : वादळ आलं तर दुसरी तारीख कोणती?

मग तिने गर्दीचा अभ्यास केला. शनिवार-रविवारी आसपासची स्थानिक मंडळी खास खायला येतात, आठवड्याच्या मधल्या वारी त्या मानाने मोकळं असतं. म्हणून तिने काढला मंगळवार, १२ नोव्हेंबर. आजीला तारीख सांगितली. आजीने भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरकडे बघितलं (ते ती इथून घेऊन गेली होती) आणि म्हणाली, "कार्तिकी एकादशी हाये त्या दिवशी."

खाद्यमहोत्सव, आणि एकादशी!

भावाने युक्तिवाद केला, की तिकडचा सूर्योदय वेगळा, तिथी पुढे-मागे होते. आई म्हणाली, "पंढरीत ज्या दिवशी, त्याच दिवशी. तुमचा सूर्य कधी उगवतो ते मला नका सांगू." वर हेही म्हणाली, की तुम्ही जा, खा, मी उपास करीन, मला काही वाटायचं नाही. भाचीने आधी दुसराच मार्ग शोधला. उपासाला काय चालतं ते आजीला विचारून घेतलं आणि महोत्सवाच्या याद्यांत शोधू लागली. ब्राझीलच्या स्टॉलवर चीज घातलेले छोटे गोल पाव मिळतात, ते कसाव्हाच्या पिठाचे असतात. आणि आपला साबुदाणाही कसाव्हाच्याच कंदापासून होतो! हा शोध तिने मला इतक्या आनंदाने सांगितला की पहाटेची झोप उडाली. पण आजीने विचारलं, "अंडं असतं का त्यात?" बहुधा असतं. झालं, तो मार्ग बंद.

आणि खरं सांगू? मंगळवार मलाही नकोच होता. वादळामुळे तिची शाळा आधीच कितीतरी दिवस बंद होती, त्यात आणखी एक दिवस सहलीसाठी बुडवायचा हे मला पटत नव्हतं. माझ्या वर्गातल्या पालकांना मी जे सांगते ते भावाला सांगू नये असं थोडंच आहे? मग उरले रविवार. ३ नोव्हेंबरला भाऊबीज, आईने 'घर सोडायचं नाही' म्हणून सांगितलेलं. १७ तारीख प्रवासाच्या फार जवळ, शिवाय १५ तारखेला भाचीला दहा वर्षं पूर्ण होणार आणि तिथे दहाव्या वर्षापासून मोठ्यांचं तिकीट लागतं. फरक काही फार नसतो, पण तिने तोही वहीत मांडला. राहिला १० नोव्हेंबर. दुसऱ्या दिवशी तिकडे सैनिकांच्या सन्मानाची सुट्टी, म्हणजे गर्दी नक्की. तरी तोच ठरला. एकादशी वाचली, शाळा वाचली, गर्दी पत्करली. नियोजन म्हणजे काय, तर कोणता त्रास पत्करायचा ते ठरवणं, असं मी वर्गात हल्ली सांगते.

(मध्येच ३ नोव्हेंबरला तिकडची घड्याळं एक तास मागे गेली. साडेनऊ तासांचा फरक साडेदहा तासांचा झाला आणि माझा फोन साडेपाचऐवजी साडेसहाला येऊ लागला. "आत्या, तो एक तास कुठे गेला?" असा तिचा प्रश्न. रेखावृत्तांचा पाठ शिकवणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर वापरा.)

मग नकाशा. भाचीने तलाव काढला, भोवती अकरा देश लावले. ही सगळी फेरी १.२ मैलांची, म्हणजे दोन किलोमीटरला थोडी कमी. त्यात मुख्य दारापासून तलावापर्यंतचं आणि परतीचं चालणं वेगळं. उद्यानात चाकाची खुर्ची भाड्याने मिळते. भावाने ती सुचवली तर आई दिवसभर त्याच्याशी बोलली नाही. "पंढरीला पायी गेलेल्या बाईला ढकलगाडी?"

इथे मला वारी उपयोगी पडली. मी भाचीला विचारलं, वारीत लाखो माणसं चालतात, म्हातारी माणसंही चालतात, ती कशी? आजीला विचार. आणि आजीने त्या रात्री तिला पहिल्यांदा तासभर काहीतरी सांगितलं. सकाळी कधी निघायचं, न्याहारी कुठे, विसावा कुठे, दुपारचा नैवेद्य कुठे, मुक्काम कुठे. चालणं मोठं नसतं गं, थांबणं ठरलेलं असतं. दुसऱ्या दिवशी वहीतल्या नकाशावर देवनागरीत एक शब्द चार ठिकाणी लिहिलेला होता. वेलांटी उलटी होती, पण शब्द होता 'विसावा'.

विसावे तिने विचार करून निवडले होते. पहिला मेक्सिकोत, तिथे दालनाच्या आत बोटीची संथ सफर आहे, बसून होते. दुसरा तलावाच्या पलीकडच्या टोकाला अमेरिकेच्या दालनात, तिथे गार सभागृहात बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम बघता येतो. तिसरा जपानच्या बागेत, तळ्याकाठी. आणि चौथा मोरोक्कोजवळच्या धक्क्यावर. तिथून होडी तलाव ओलांडून पुन्हा पुढच्या बाजूला आणून सोडते, वेगळे पैसे नाहीत. म्हणजे गुडघे थकले तर फ्रान्स, ब्रिटन, कॅनडा सोडून द्यायचे आणि होडीत बसायचं.

आता फेरी कुठून सुरू करायची? उजवीकडे वळलं तर कॅनडा आधी, डावीकडे वळलं तर मेक्सिको. आजीने नकाशावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "तळं उजव्या हाताला राहिलं पाहिजे. परदक्षिणा उलटी घालतात का?" मग मेक्सिकोपासून. भाचीने 'क्लॉकवाइज'च्या पुढे 'प्रदक्षिणा' असं लिहून घेतलं. मी पाचवीला कोन आणि दिशा शिकवताना घड्याळाचे काटे दाखवते. देवळाची फेरी दाखवायचं मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं!

नकाशा बघता बघता भाचीने विचारलं, यात भारत का नाही? चांगला प्रश्न. मी तिला एवढं सांगितलं, की १९८२ला नऊ देश होते, मोरोक्को १९८४ला आला, नॉर्वे १९८८ला. त्यानंतर नवीन देश आलाच नाही. ही दालनं उभारायला पैसा लागतो आणि तो कुणीतरी द्यावा लागतो. मोरोक्कोच्या राजाने तर आपल्याकडचे कारागीर पाठवून ते नक्षीकाम करून घेतलं. आफ्रिकेचं एक मोठं दालन ठरलं होतं, ते कधी झालंच नाही. महोत्सवात मात्र बऱ्याच वर्षी भारताचा स्टॉल लागतो. आई म्हणाली, "एवढं लांब जाऊन सामोसा खायचा का?" विषय संपला. पण पालकहो, जगाच्या अशा मांडलेल्या नकाशात कोण आहे यापेक्षा कोण नाही हे मुलांनी विचारावं. भूगोलाच्या पुस्तकातल्या कितीतरी धड्यांपेक्षा ते मोलाचं.

आता मुख्य गोष्ट, खाणं. पदार्थांच्या याद्या आधीच जाहीर होतात, आणि उद्यानात प्रत्येकाला एक छोटी पुस्तिका फुकट मिळते, तिच्यात सगळे स्टॉल असतात. भाचीने वहीत तीन रकाने केले : 'चालेल', 'नाही चालणार', 'विचारायचं'. सुरुवातीला तिला वाटलं सोपं आहे. चिकन-मासे दिसले की 'नाही', बाकी 'चालेल'. मग मी तिला म्हटलं, एकेका पदार्थाचं नाव शेवटपर्यंत वाच. कॅनडाचं चीजचं सूप फार प्रसिद्ध आहे, नावावरून वाटतं शाकाहारी. पुढे वाचलं तर त्यात बेकन. आयर्लंडचं गरम चॉकलेट पुडिंग, गोड पदार्थ, लहान मुलांचा वाटावा असा. त्यावरच्या कस्टर्डमध्ये आयरिश क्रीम लिकर, म्हणजे दारू. बेल्जियमचा वॉफल, त्यात अंडं. एखाद्या जेलीत जिलेटिन, आशियाई भाजीत मासळीचा सॉस. 'चालेल'चा रकाना ओस पडत गेला आणि 'विचारायचं' भरत गेला.

मला विचाराल तर या सगळ्या खटाटोपात सगळ्यात मोठं शिक्षण त्या तिसऱ्या रकान्यात झालं. आपल्या मुलांना उत्तर हो किंवा नाही असंच द्यायची सवय असते. 'माहीत नाही, विचारून सांगते' या उत्तराला आपण गुण देत नाही. तिथे स्टॉलवर आणि उपाहारगृहांत घटकांबद्दल विचारलं तर माहिती देतात, वनस्पतिजन्य पदार्थांना पानाची खूणही असते. फक्त विचारायला तोंड उघडावं लागतं.

हे शब्द वहीत आजीला वाचता यावेत म्हणून देवनागरीत हवे होते. अंडं, मटण, मासा, दारू. आजी अक्षर काढून दाखवायची, नात गिरवायची. आणि उलटही झालं बरं का. आईने इंग्रजीतला 'एग' हा शब्द ओळखायला शिकून घेतला. "शेवटी दोन अक्षरं सारखी, जुळी बहिणीवाणी," असं तिने मला सांगितलं. घरातल्या बिस्किटांच्या पुड्यांवर तिने तो शोधला आणि दोन पुडे बाजूला काढून ठेवले. सत्तर पार केलेल्या बाईने!

एक प्रश्न मात्र वहीने सुटला नाही. ग्रीसच्या स्टॉलवर मध आणि पिस्ते घातलेलं भाजलेलं चीज असतं, आजीला चालेल असं भाचीला वाटत होतं. पण काही चीज वासराच्या जठरातल्या द्रव्याने विरजतात, काही वेगळ्या पद्धतीने, नावावरून ते कळत नाही. भावजय म्हणाली, कशाला सांगायचं, आईंना काय कळणार आहे? मी म्हटलं, सांगायचंच. माळ तिच्या गळ्यात आहे, आपल्या नाही. आईने दिवसभर विचार केला आणि म्हणाली, "मग नको. तुम्ही खा."

भाचीची पंचाईत झाली. महोत्सवात चीजचा एक खेळ असतो. ठरावीक स्टॉलवरचे चीजचे पाच पदार्थ घ्यायचे, पुस्तिकेत शिक्के मिळवायचे, शेवटी बक्षीस. ते तिला फार हवं होतं. मला विचाराल तर हा जास्त विकायचा सरळसरळ डाव आहे, आणि मुलांना तो दाखवून द्यायला हवा. पण तो मी नाही, तिच्या हिशेबाने दाखवला. भावाने महोत्सवाच्या खाण्यासाठी शंभर डॉलरचं एक गिफ्ट कार्ड घेतलं होतं. ते संपलं की खाणं संपलं, वर एक सेंट नाही. (तिकिटाचे माणशी दीडशे डॉलर आणि गाडी उभी करण्याचे तीसेक डॉलर हा वेगळा खर्च. खरा फटका तोच, तो भावाच्या माथी.) एका बशीची सरासरी किंमत तिने पावणेआठ डॉलर धरली. शंभर भागिले पावणेआठ, उत्तर बारा बशा आणि सात डॉलर शिल्लक, असं तिला वाटलं. पण तिथे लिहिलेल्या किमतीत कर नसतो. आपल्याकडे छापील किंमत म्हणजे सगळं आलं, तिथे तसं नाही. ओरलँडोच्या भागात साडेसहा टक्के विक्रीकर. बारा बशांचे ९३ डॉलर, कर मिळवून ९९ डॉलर आणि थोडेसे सेंट. शिल्लक काहीच नाही. टक्केवारीचं याहून चांगलं उदाहरण मला पुस्तकात सापडलेलं नाही.

चार माणसांत बारा बशा. त्यातल्या पाच एकटीच्या चीजला दिल्या तर उरतात सात. दोन दिवस ती रुसून बसली. मग चीजच्या दोन बशा ठेवल्या, शिक्क्यांवर काट मारली. तिकडे आईने रुपयांत हिशेब केला, एका बशीचे साडेसहाशे रुपये. "साडेसहाशेत दोन घास?" म्हणून तिने स्वतःच्या वाट्याच्या तीन बशांतली एक परत करायला काढली. नातीने घेतली नाही.

आणि शिदोरी होतीच. तिथे बाहेरचं खाणं आत न्यायला परवानगी आहे, फक्त काचेची भांडी नकोत, दारू नको, आणि गरम करावं लागेल असं काही नको. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा. चटणी काचेच्या बरणीत होती, ती स्टीलच्या डब्यात गेली. नियम वाचून ही बदली भाचीनेच केली.

आता तुमच्यातले काही जण केव्हापासून जे विचारायच्या बेतात असतील, ते. नावात 'वाइन' असलेल्या महोत्सवात लहान मुलीला न्यावं का? आमच्या तालुक्यात हा प्रश्न जरा वेगळ्या तऱ्हेने येतो. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी द्राक्षबाग आहे. काहींच्या बागेत खायची थॉमसन, काहींकडे वाइनरीशी करार करून लावलेल्या शेनिन ब्लाँ, शिराझ अशा जाती. मुलांना त्या नावांसकट माहीत असतात. खरड छाटणी एप्रिलमध्ये, गोडी छाटणी ऑक्टोबरमध्ये, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. आईला विचारलं तर ती म्हणाली, "द्राक्ष पिकवणं आपलं काम. गाडीत भरून दिली की पुढचं त्याचं त्याला." आणि तरीही तिच्या घरात दारूचा थेंब आलेला नाही. हे दोन्ही एकत्र असू शकतं, हे मुलांना आपण वाटतो त्यापेक्षा लवकर कळतं.

व्यवहारात आम्ही असं ठरवलं. तिथे २१ वर्षांखाली दारू मिळत नाही, ओळखपत्र दाखवावं लागतं. काही लोक देशोदेशी एकेक पेला घेत तलावाची फेरी पुरी करतात, संध्याकाळी त्यांचा आवाज वाढतो. म्हणून आपण दिवसा जायचं आणि संध्याकाळी निघायचं. भाऊ गाडी चालवणार, त्याने काहीच घ्यायचं नाही. भावजयीला एक पेला हवा असेल तर तो मुलीच्या कार्डातून नाही, स्वतःच्या पैशातून. आणि मुलीने विचारलं 'हे काय आहे' तर 'औषध' म्हणायचं नाही. जे आहे ते सांगायचं.

सहल झाली. मी सोमवारी पहाटे फोन घेतला तेव्हा तिकडे अजून रविवारची संध्याकाळ होती आणि सगळे गाडीत बसलेले होते. महोत्सवाबद्दल आधी काही ऐकायलाच मिळेना. सकाळी नऊला उद्यान उघडतं आणि देशांचा भाग अकराला, म्हणून मधल्या वेळेत भाचीने आजीला 'लिव्हिंग विथ द लँड' या बोटीच्या सफरीत बसवलं होतं. चौदा-पंधरा मिनिटांची सफर, बोट थेट हरितगृहांतून जाते. मातीशिवाय, नुसत्या पाण्यावर वाढवलेल्या भाज्या, वर टांगलेले वेल. आईने त्या बोटीत दोनदा बसायला लावलं. तिला वेलींचे मंडप कसे बांधलेत ते बघायचं होतं. "मुळ्या उघड्या सोडल्यात गं, आणि वेल हिरवागार! पण छाटणी कोण करतं ते काही दिसलं नाही." मग तिने आमच्या बागेची चौकशी केली. आयुष्यात पहिल्यांदा ऑक्टोबर छाटणीला ती बागेत नव्हती. चुलतभावाने छाटणी वेळेवर उरकली होती, फुटवे चांगले आले होते, हे मी तिला तिसऱ्यांदा सांगितलं.

बाकी वहीप्रमाणे झालं, काही झालं नाही. 'विचारायचं' मधले तीन पदार्थ आजीसाठी विचारले, दोनांत अंडं निघालं. विचारलं नातीने, इंग्रजीत, आणि उत्तर आजीला सांगितलं मराठीत. तिसऱ्यात नव्हतं. ती भाज्यांची बशी आजीने संपवली आणि तिखट कमी आहे म्हणून डब्यातली चटणी वर घेतली. स्टॉलवरच्या मुलीने वाकून विचारलं, हे काय? तिला चिमूटभर चटणी मिळाली. अमेरिकेच्या दालनातल्या कार्यक्रमात आजी झोपली, विसावा सार्थकी लागला. जपानच्या बागेत दशम्या झाल्या. मोरोक्कोच्या धक्क्यावर होडीची वेळ आली तेव्हा भाऊ म्हणाला चला बसा, तर आई म्हणाली, "आता तीनच राह्यले ना? अर्धी परदक्षिणा घालत नसतात." कॅनडापर्यंत चालली. नंतर दोन दिवस गुडघ्याला शेक. कार्डावर अकरा डॉलर उरले, त्याचं काय करायचं यावर मायलेकींत अजून वाद चालू होता.

ती वही आईबरोबर इकडे आली. परवा मी ती पाचवीच्या वर्गात फिरवली. मुलांना एप्कॉटपेक्षा त्या तीन रकान्यांची मजा वाटली. त्यांनी वणीच्या गडाची सहल घ्यायला काढली आहे, खरी, पालकांबरोबर, माणशी दीडशे रुपयांत. नकाशा झालाय, विसावे ठरलेत, पायऱ्या कोण चढणार आणि रोपवेने कोण जाणार यावर दोन गट पडलेत. सध्या गाडी अडली आहे ती एसटीपाशी. परतीची शेवटची बस किती वाजता, हे दोन मुलांनी दोन वेगळं सांगितलं. तो प्रश्न 'विचारायचं' मध्ये लिहिलाय, आणि उद्या मधल्या सुट्टीत दोघं स्टँडवर जाणार आहेत. सोबत मी आहे.